बर्लिनची चालते, फडावरची चालत नाही

पोस्ट लांब आहे. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका, राग नाही. पण गेल्या आठवड्यात चार-पाच जणांनी फोन करून "काय हो, मीटिंगमध्ये भांडलात म्हणे?" असं विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आपल्याकडे डिसेंबरात नाट्यगृहात सात दिवसांचा चित्रपट महोत्सव आहे. यंदाचा विषय 'म्युझिकल'. नाट्यगृहाच्या भाड्यात सवलत आहे, वर थोडं अनुदान आहे, म्हणजे तुमच्याआमच्या घरपट्टीतला रुपया-आठाणे त्यात आहेत. म्हणून हे चार मित्रांचं घरगुती भांडण नाही, आणि म्हणूनच इथे उघड लिहितोय. निवड समितीत मलाही बोलावलं होतं. मी तीन नावं दिली. संत तुकाराम, सांगत्ये ऐका, पिंजरा. तिन्ही बाद झाली. कारण काय? पहिला 'भक्तिपट', उरलेले दोन 'तमाशापट'. "म्युझिकल हा वेगळा प्रकार आहे सर," असं मला समजावून सांगण्यात आलं. सांगणाऱ्याचं वय माझ्या मुलाएवढं. वयाचं काही नाही, मुलगा हुशार आहे, सिनेमे माझ्यापेक्षा जास्त बघतो. पण चुकतोय.

ठरलेली यादी अशी: सिंगिंग इन द रेन, वेस्ट साइड स्टोरी, द साउंड ऑफ म्युझिक, शेरबूरच्या छत्र्यांचा तो फ्रेंच सिनेमा, कॅबरे, ला ला लँड. आणि मराठीचा मान राखायला कट्यार काळजात घुसली.

यातला एकही सिनेमा वाईट नाही. सिंगिंग इन द रेन तर मी किती वेळा बघितला त्याचा हिशोब नाही. फ्रेंच सिनेमात पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत प्रत्येक माणूस गातच बोलतो, गॅरेजमधला मेकॅनिकसुद्धा, आणि दहा मिनिटांत आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं. दाखवा, जरूर दाखवा. माझा वाद यादीत काय आहे यावर नाही.

आता कॅबरेकडे या. माझं सगळं भांडण इथे आहे.

कॅबरे आला १९७२ साली. बॉब फॉसीचा, लायझा मिनेलीचा. त्याला आठ ऑस्कर मिळाली. १९३१ सालचं बर्लिन, एक क्लब, त्यात गाणारी-नाचणारी बाई, खाली टेबलांवर बसलेले पुरुष आणि दाराशी येऊन ठेपलेले नाझी. हा सिनेमा ब्रॉडवेच्या नाटकावरून केला. नाटकात पात्रं घरात, खोलीत, बोलता बोलता गायला लागायची. फॉसीने ती गाणी काढून टाकली. एक बिअरच्या बागेतला प्रसंग सोडला तर सिनेमातली माणसं गातात ती क्लबच्या स्टेजवरच. खाली गोष्ट घडते, वर स्टेजवर तिच्यावर टिप्पणी होते. यालाच जगभर थोर म्युझिकल म्हणतात. मीही म्हणतो.

त्याच १९७२ साली पिंजरा आला. शांतारामबापूंचा. गोष्ट घेतली होती १९३० सालच्या ब्लू एंजल या जर्मन सिनेमाची. एक प्रोफेसर, कॅबरेतली एक गाणारी बाई, आणि त्या प्रोफेसराची धूळधाण. म्हणजे मूळ पुन्हा जर्मन क्लबच! बापूंनी काय केलं, तर क्लबच्या जागी फड आणला, प्रोफेसराच्या जागी गावाला वळण लावू पाहणारे मास्तर आणले. गाणी जगदीश खेबुडकरांची, चाली राम कदमांच्या, मास्तर डॉ. लागू, नाचणारी संध्या. ज्या फडाला मास्तर गावाबाहेर काढायला निघतात, त्याच फडाबरोबर शेवटी गावोगाव हिंडतात. आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपात आरोपी म्हणून उभे राहतात. यातली मोक्याची गाणी फडावर होतात. वर लावणी चालू असते आणि खाली एका माणसाचा एकेक पापुद्रा सुटत असतो.

मला कुणीतरी सांगा, या दोन सिनेमांच्या बांधणीत फरक काय? एकात बर्लिन आहे, दुसऱ्यात कनात आणि पेट्रोमॅक्स. एकीत सॅक्सोफोन, दुसरीत ढोलकी. बर्लिनची चालते, फडावरची चालत नाही.

मीटिंगमध्ये हे बोललो तेव्हा दोन मिनिटं शांतता झाली. मग एक गृहस्थ म्हणाले, "तसं नाही हो, फॅमिली घेऊन लोक येतात." बरं. कॅबरेमध्ये गर्भपात आहे. एकाच पुरुषाशी त्या बाईचेही संबंध आहेत आणि एका जहागीरदाराचेही. ते इंग्रजीत असलं की फॅमिलीला चालतं, आणि नऊवारीतली बाई मराठीत गायली की फॅमिलीने उठून जायचं, हा न्याय मला कळला नाही. कळला, पण तो सिनेमाचा न्याय नाही.

खरं तर हेच ते वाक्य होतं. "म्युझिकल वेगळा प्रकार आहे" वगैरे नंतर त्यावर पांघरलेली शाल.

तरीही शाल बाजूला ठेवून प्रश्नाला उत्तर देऊ, कारण प्रश्न खोटा नाही. म्युझिकल म्हणजे काय? गाणी असली की म्युझिकल म्हणायचं तर आपल्या देशातले नव्वद टक्के सिनेमे म्युझिकल होतील आणि शब्दाला काही अर्थ राहणार नाही. आलम आरापासून, १९३१ पासून, आपण गाण्याशिवाय सिनेमा काढायलाच घाबरतो. इथे तो मुलगा बरोबर होता आणि मी ते कबूल केलं.

माझी कसोटी साधी आहे. गाणं काढून बघा. गोष्ट चालते का? चालली, तर ते गाणं पाहुणा होतं. अडली, तर ते गाणं घरातलं.

शोले घ्या. होळीचं काढा, मोटारसायकलवरचं काढा, गोष्ट ठणठणीत. पण काचांवर नाचतानाचं गाणं काढून बघा. ती नाचायची थांबली तर वीरूचा जीव जाणार आहे! तिथे गाणं हीच गोष्ट आहे. म्हणजे शोले म्युझिकल नाही, पण त्यातलं एक गाणं आहे. आता उलट टोक. हम आपके हैं कौन मधली सगळी गाणी काढा. काय उरतं? एक जिना आणि एक कुत्रा. तेव्हा नाकं मुरडा, पण माझ्या कसोटीवर तो म्युझिकल ठरतो. मला तो फारसा आवडत नाही हा भाग वेगळा.

सैराटबद्दल आमच्या घरातच दोन तट आहेत. चार गाणी, चारही पूर्वार्धात. पळून गेल्यावर एकही गाणं नाही. बायको म्हणते, चार गाण्यांचा कसला म्युझिकल. मी म्हणतो, दिग्दर्शकाने गाणं बंद करून तुम्हाला सांगितलं की आता खरं जग सुरू झालं. गाणं थांबल्याचं ज्या सिनेमात कळतं, लागतं, तो म्युझिकल. इथे माझ्याशी भांडायला भरपूर जागा आहे.

पण संत तुकारामबद्दल भांडायला जागा नाही. १९३६, प्रभात, दामले-फत्तेलाल, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो नावाजला गेला हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण सिनेमा काय आहे ते बघा ना. एक माणूस गाणी रचतो. दुसरा, सालोमालो, ती स्वतःच्या नावावर खपवू पाहतो आणि तीच गाणी भडक करून गातो. अधिकार कुणाचा यावरून वाद पेटतो. गाण्यांची वही नदीत बुडवायला लावतात. वही परत येते. अख्खं कथानक गाण्यांच्या वहीचं आहे! जगातल्या किती म्युझिकलांचं कथानक इतकं थेट गाण्याचं आहे? सिंगिंग इन द रेनमधली बरीचशी गाणी तर आधीच्या वर्षांतल्या सिनेमांतून उचललेली, त्यांना जोडायला मागाहून गोष्ट लिहिली. झकास लिहिली, तो मुद्दा नाही.

संत तुकारामबद्दल आणखी एक गोष्ट. त्यातला एक अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे. पण तो प्रसंगात इतका मुरला की पुढे लोक तो तुकोबांचाच समजून गाऊ लागले. सिनेमासाठी लिहिलेलं गाणं लोकांच्या भजनात जाऊन बसतं. याला 'भक्तिपट' म्हणून बाजूला सारायचं, आणि साउंड ऑफ म्युझिकमध्ये मठातल्या जोगिणी गातात त्याला कुणी 'ख्रिस्ती भक्तिपट' म्हणत नाही.

सांगत्ये ऐका तर याहून पुढे जातो. १९५९, अनंत माने, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. हंसाबाई वाडकर आणि जयश्रीबाई गडकर. पुण्यात तो शंभराहून जास्त आठवडे चालला. पण मला आकड्याचं कौतुक नाही. कौतुक आहे ते वगाचं. पाटलाने केलेलं पाप गावात कुणी उच्चारू शकत नाही. ते उच्चारलं जातं फडावरून, ढोलकीवर, सगळ्या गावासमोर. कोर्टात जे मांडता येत नाही ते बाई गाऊन मांडते. सिनेमाच्या नावातच ते आहे, सांगत्ये, ऐका. यातून तमाशा काढला तर पाटील सुटतो. माझ्या कसोटीला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि हंसाबाईंनी पुढे स्वतःचं आयुष्य सांगितलं तेव्हा त्या पुस्तकालाही हेच नाव आलं, त्यावरून बेनेगलांनी भूमिका केला. एका 'तमाशापटा'चं नाव इतक्या लांब गेलं.

आता मीटिंगमधले बाकीचे मुद्दे भराभर.

"आपल्याकडे नट गात नाहीत, पार्श्वगायन असतं, म्हणून ते खरं म्युझिकल नाही." यादीतल्या वेस्ट साइड स्टोरीत नॅटली वूडसाठी कोण गायलं? मार्नी निक्सन. माय फेअर लेडीत ऑड्री हेपबर्नसाठी? त्याच. द किंग अँड आयमध्ये डेबोरा करसाठी? त्याच. त्या बाईंचं नाव पडद्यावर कुठेच नव्हतं. आपण निदान लताबाई-आशाबाईंची नावं रेडिओवरून घरोघरी नेली. आणि पागनीस तर स्वतःच गायलेत.

"म्युझिकलला नाटकाची परंपरा लागते." हे ऐकून मला हसूच आलं. किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० साली पुण्यात उभं राहिलं, दोनशेच्या आसपास पदांचं. ज्या ओक्लाहोमापासून अमेरिकन लोक गाणं आणि गोष्ट एकजीव झाल्याचं सांगतात ते १९४३ चं. मात्र इथे आपल्याही बाजूने खोटं बोलू नये. आपल्या संगीत नाटकात गाणं गोष्टीला नेहमी पुढे नेत होतं असं अजिबात नाही. वन्समोअरवर वन्समोअर, नायक ताटकळत उभा, गोष्ट गेली तेल लावत, आणि श्रोते खूश. माझे आजोबा अशा रात्री पहाटेपर्यंत बसायचे आणि गोष्ट काय होती विचारलं की सांगता यायची नाही. माझ्या कसोटीवर अशी बरीच नाटकं नापास होतील. तशीच, साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या तमाशापटांपैकीही बरेच नापास. पाटील, सरपंच, एक लावणी शिट्ट्यांसाठी, दुसरी पाटलाच्या वाड्यावर, शेवटी मारामारी. ते माझ्या यादीत नाहीतच. मी तीन नावं दिली होती, तीस नाही.

"पुरस्कारवाले ठरवतात ते काही उगाच नाही." अहो, गोल्डन ग्लोबमध्ये 'म्युझिकल किंवा विनोदी' असा एक गट होता. २०१६ साली त्यात सर्वोत्कृष्ट ठरला द मार्शियन. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे पिकवतो, तो! आणि २०१९ साली क्वीन या बँडवरचा बोहेमियन रॅप्सडी, ज्यात गाण्याशिवाय दुसरं काही नाही, तो 'ड्रामा' गटात जिंकला. त्यांच्या खणांवर एवढी श्रद्धा नको.

राहता राहिली कट्यार. कट्यारला हरकत नाही. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांच्या चाली, वसंतरावांनी अजरामर केलेले खाँसाहेब, आणि २०१५ चा सिनेमाही चांगला. गायकी कुणाची, घराणं कुणाचं, कट्यार कुणाच्या हातात, सगळं गाण्यावर चालतं. कसोटीला पैकीच्या पैकी गुण. पण विचार करा, मराठीतलं एकच नाव घ्यायचं ठरलं तेव्हा दरबारातलं, घराण्यातलं, तंबोऱ्यावरचं गाणं आपोआप चाललं. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. तेच ढोलकी, तुणतुणं म्हटलं की 'वेगळा प्रकार'. बैठकीवरचं गाणं ते संगीत, आणि फडावरचं गाणं ते तमाशा. ही विभागणी कुणी केली आणि फडावर कोणत्या समाजातल्या बायका-पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या आयुष्य काढलं, हे मी सांगायला नको. राम जोशी या शाहिरावर १९४७ साली सिनेमा निघाला. ब्राह्मणाचा मुलगा तमाशाच्या नादी लागला म्हणून त्याला घर सोडावं लागलं, याची ती गोष्ट. पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली. समितीच्या खोलीत ते दार अजून बंदच होतं. समितीतल्या कुणाच्याही मनात हे जाणूनबुजून होतं असं मी म्हणत नाही. तिथे सगळी भली माणसं आहेत, त्यातल्या दोघांनी मला अडीअडचणीला पैसे दिलेत. पण भल्या माणसांच्या यादीतूनसुद्धा जे गळतं ते ठरावीकच का गळतं, हे विचारायला नको?

"एवढं काय, एक महोत्सव तर आहे," असंही म्हणाले. एवढं काय ते सांगतो. आपल्या गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना शाळेतर्फे मोफत पास मिळणार आहेत. त्यांना पहिल्यांदा कळणार की म्युझिकल नावाची मोठी कला असते आणि ती न्यूयॉर्क, पॅरिस, बर्लिनमध्ये असते. आजीच्या गावच्या जत्रेत असते ती दुसरी काहीतरी, लपवायची गोष्ट. दुसरं, जे यादीत येत नाही ते कुणी मागत नाही. जे कुणी मागत नाही त्याची प्रत कुणी दुरुस्त करत नाही. २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली, त्यात प्रभातच्या काळातली रिळंही गेली. जे उरलंय ते चांगल्या प्रतीत बघायचं तर कुणीतरी पत्र लिहून मागावं लागतं. आपला महोत्सव ते पत्र लिहू शकत होता. लिहिलं परदेशी सिनेमांच्या हक्कांसाठी.

आणि तिसरं. वरच्या आळीत एक ढोलकीवाले राहतात. वय ऐंशीच्या पुढे, बोटं आता वाकडी झालीत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. माझी सूचना होती की सांगत्ये ऐकाच्या आधी त्यांना स्टेजवर बोलवावं, वगात ढोलकी गोष्ट कशी पुढे रेटते ते त्यांनी दहा मिनिटं सांगावं. मी आगाऊपणा करून त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी माळ्यावरून ढोलकी काढून घेतलीय, शाई नव्याने भरायला दिलीय. आता त्यांना जाऊन काय सांगू? कॅबरेच्या आधी या म्हणू?

यादी अजून छापायला गेलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत पुन्हा बैठक आहे आणि ती सगळ्यांना खुली आहे, हे समितीनेच सांगितलंय. माझी मागणी बदलली आहे. तीन नावं नकोत, एक द्या. आणि कॅबरे काढू नका. कॅबरे आणि पिंजरा एकाच दिवशी लावा, दुपारी एक, रात्री एक. मध्ये चहा. मग ज्याला म्हणायचं असेल की हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्याने चहा पिऊन म्हणावं. मी ऐकून घेईन.

कमेंटमध्ये 'सर तुम्ही सांस्कृतिक वाद उकरताय' लिहिण्याआधी शुक्रवारी या. ढोलकीवाल्या काकांनाही घेऊन येणार आहे, त्यांना जिना चढवायला दोन जण लागतील.